मुखपृष्ठ तयार हवे, आणि ताजेही हवे



आपल्या बेटावर चक्रीवादळाचा इशारा निघाला की पूर्वी घरातील वडील मंडळी रेडिओजवळ बसत. बुलेटीन लागले की लहानथोरांनी गप्प राहावयाचे, असा घरोघरचा नियम होता. एकच आवाज एकाच वेळी साऱ्या बेटावर ऐकू जाई. ऐकणारे दहा हजार असोत की पाच लाख, रेडिओ केंद्रावर त्याचा काही भार पडत नसे.

रेडिओ आजही आहे. परंतु घरातील तरुण मंडळी प्रथम हातातील फोन उघडतात आणि हवामान खात्याचे, वर्तमानपत्राचे किंवा शाळेचे संकेतस्थळ पाहतात. येथे गणित उलटे होते. संकेतस्थळाला प्रत्येक वाचकाला वेगळे उत्तर द्यावे लागते. विचारणारे जितके अधिक, तितका भार अधिक. म्हणून नेमक्या गरजेच्या घडीला पान उघडतच नाही. किंवा उघडले तर त्यावर तीन तासांपूर्वीचा मजकूर असतो.

ही दोन दुखणी आहेत आणि एकाचे औषध दुसऱ्याला बाधते. पान चटकन उघडावे म्हणून त्याची तयार प्रत ठेवावी, तर ती शिळी होते. ते सदैव ताजे राहावे म्हणून प्रत्येक वेळी नव्याने बनवावे, तर गर्दीत यंत्र कोलमडते. या दोहोंचा मेळ कसा घालतात, ते आज आपण पाहू. वर्गात मुले हा प्रश्न विचारतात, आणि आता आईवडीलही विचारू लागले आहेत.

पान कसे तयार होते

पुष्कळांची अशी समजूत असते की संकेतस्थळाचे मुखपृष्ठ म्हणजे छापून ठेवलेला कागद. तसे नसते. आपण पत्ता टाकला की दूरच्या सर्व्हरवर काम सुरू होते. ताज्या बातम्या कोणत्या, हे माहितीच्या कोठारातून शोधले जाते; चित्रे, हवामान, जाहिराती गोळा होतात; त्या सर्वांचे एक पान बनते आणि ते आपल्याकडे पाठवले जाते.

समजा, या कामाला अर्धा सेकंद लागतो आणि सर्व्हर एका वेळी दहा पाने बनवू शकतो. म्हणजे एका सेकंदात वीस पाने. साध्या दिवशी सेकंदाला तीन वाचक येत असतील तर काही अडचण नाही. वादळाच्या रात्री सेकंदाला पाचशे आले तर? वीस जणांना पान मिळते, चारशे ऐंशी रांगेत उभे राहतात. पुढच्या सेकंदाला आणखी पाचशे. शिवाय पान न मिळालेला माणूस स्वस्थ बसत नाही. तो पुन्हा पुन्हा तेच बटण दाबतो. दोन मिनिटांत सारेच ठप्प होते.

११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेवर हल्ला झाला तेव्हा जगातील मोठमोठ्या वृत्तसंस्थांची संकेतस्थळे अशीच बसली. सीएनएनने आपल्या मुखपृष्ठावरील चित्रे व जाहिराती काढून जवळजवळ नुसता मजकूर ठेवला, तेव्हा ते उघडू लागले. गूगलने आपल्या मुखपृष्ठावर वृत्तपत्रांच्या पानांच्या साठवलेल्या प्रतींकडे जाण्याची वाट दिली आणि बातम्यांसाठी रेडिओ व टेलिव्हिजनकडे वळण्याचा सल्लाही लोकांना दिला. ज्यांचा सारा व्यवहार संगणकावर, त्यांनीच तो सल्ला दिला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

दालपुरीवाल्याचे शहाणपण

पोर्ट लुईसच्या बाजारात दालपुरी विकणारा काय करतो, ते आठवा. गिऱ्हाईक आले की तो कणीक मळायला बसत नाही. कापडाखाली झाकलेली पुऱ्यांची चवड त्याच्यापाशी तयार असते. गिऱ्हाईकाने मागितली की जोडी काढायची, वर करी नि चटणी घालायची, गुंडाळून द्यायची. मिरची हवी की नको, तेवढेच तो विचारतो. चवड संपत आली की मागे नवी पुरी भाजली जाते. मात्र सकाळची पुरी तो संध्याकाळी देत नाही. दिली तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येणार नाही.

संगणकातील या तयार चवडीला ‘कॅश’ म्हणतात. पैशाशी तिचा संबंध नाही. हा शब्द फ्रेंच ‘काशे’, म्हणजे लपवणे, यावरून इंग्रजीत गेला. आपल्या क्रेओलमधील ‘कास्येत’ त्याच कुळातला. १९६८ साली आयबीएम कंपनीच्या सिस्टिम ३६० मॉडेल ८५ या यंत्राची माहिती छापताना त्यातील वेगवान छोट्या स्मृतीला हे नाव देण्यात आले. त्यापूर्वी १९६५ साली केंब्रिजचे मॉरिस विल्क्स यांनी हीच कल्पना दुसऱ्या नावाने मांडली होती. सारांश, जे वारंवार लागते त्याची प्रत हाताशी ठेवावी.

आता वरचेच गणित पुन्हा करू. सेकंदाला पाचशे वाचक आहेत. मुखपृष्ठ एकदा बनवले आणि ती प्रत दहा सेकंद वापरली. दहा सेकंदांत पाच हजार वाचक आले. त्यांतील एकासाठी पान बनले, चार हजार नऊशे नव्व्याण्णव जणांना तयार प्रत मिळाली. यंत्राचा भार पाच हजार पटींनी उतरला आणि मजकूर फार तर दहा सेकंद जुना राहिला. दहा सेकंदांच्या शिळेपणाने वर्तमानपत्राच्या वाचकाचे काही बिघडत नाही. म्हणून ज्या स्थळावर गर्दी मोठी, तेथे अगदी थोड्या मुदतीची प्रतसुद्धा फार उपयोगी पडते. ‘आमचे पान सारखे बदलते, आम्हाला प्रत ठेवता येत नाही,’ असे म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा कागदावर करून पाहावे.

ताजेपणाचे तीन मार्ग

पहिला मार्ग मुदतीचा. प्रतीवर ‘साठ सेकंद चालेल’ अशी चिठ्ठी असते. मुदत संपली की ती टाकायची, नवी बनवायची. मार्ग सोपा आहे, पण आंधळा आहे. पान बदलले नसले तरी नवे बनते. आणि मुदतीच्या पहिल्याच सेकंदाला पान बदलले तर उरलेले एकोणसाठ सेकंद जुनेच दिसते.

दुसरा मार्ग निरोपाचा. संपादकाने नवी बातमी घातली की त्याच क्षणी ‘जुनी प्रत रद्द’ असा निरोप जातो. प्रत कितीही दिवस राहू शकते आणि तरी शिळी होत नाही. मात्र त्या बातमीचा परिणाम कोणकोणत्या पानांवर होतो, हे नीट ठाऊक पाहिजे. बातमी मुखपृष्ठावर असते, विषयाच्या पानावर असते, शोधाच्या पानावरही असते. एका ठिकाणचा निरोप राहून गेला की तेथे जुने पान महिनोन् महिने बसते. संगणकाच्या जाणकारांत एक जुनी म्हण आहे की या शास्त्रात अवघड गोष्टी दोनच: वस्तूंना नावे देणे आणि साठवलेली प्रत केव्हा रद्द करावी हे ठरवणे. म्हणून अनुभवी माणसे दोन्ही मार्ग एकत्र ठेवतात. निरोप तर पाठवायचाच. पण तो चुकला तरी मुदत काही वेळाने जुनी प्रत काढून टाकते.

तिसरा मार्ग विचारपुशीचा. ज्याच्याकडे प्रत आहे तो मूळ सर्व्हरला विचारतो, ‘माझ्याकडे सकाळी नऊची प्रत आहे, त्यानंतर काही बदलले काय?’ काही बदलले नसेल तर ‘३०४’ या क्रमांकाचे छोटेसे उत्तर येते. त्याचा अर्थ ‘तीच चालेल’. सारे पान पुन्हा पाठवावे लागत नाही. ही सोय १९९६ सालच्या वेबच्या नियमांतही लिहिलेली आहे.

टोपली रिकामी झाली की

येथे एक खाचखळगा आहे. प्रतीची मुदत ज्या क्षणी संपते, त्या क्षणी टोपली रिकामी असते. नवे पान बनायला अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात अडीचशे वाचक येतात. प्रत्येकाला टोपली रिकामी दिसते आणि प्रत्येकासाठी स्वतंत्र पान बनू लागते. एकाच पुरीसाठी अडीचशे आचारी एका चुलीवर तुटून पडावेत, तसे होते.

२५ जून २००९ रोजी गायक मायकल जॅक्सन यांचे निधन झाले तेव्हा विकिपीडियावर हेच घडले. जगभरचे वाचक एकाच लेखाकडे धावले. त्याच वेळी लेखात दुरुस्त्याही भराभर होत होत्या, आणि प्रत्येक दुरुस्तीबरोबर तयार प्रत रद्द होत होती. लेख लांब, संदर्भांनी भरलेला. तो बनायला वेळ लागे. अनेक यंत्रे तोच लेख एकाच वेळी बनवू लागली आणि इतर लेखांसाठी बळ उरले नाही. त्यानंतर टिम स्टार्लिंग यांनी ‘पूल-काउंटर’ नावाची व्यवस्था लिहिली. तिचा नियम सरळ आहे. एक पान एका वेळी ठरावीक जणांनीच बनवावे. बाकीच्यांनी थांबावे, आणि फार थांबावे लागत असेल तर जुनी प्रत घेऊन पुढे जावे.

‘नवी बनेपर्यंत जुनी द्या’ हा विचार पुढे रूढ झाला. २०१० साली तो वेबच्या लिखित नियमांतही आला. त्यात दोन सवलती आहेत. एक, नवी प्रत मागे बनत असताना थोडा वेळ जुनी द्यावी. दुसरी, मूळ सर्व्हर बंदच पडला तर रिकामे पान दाखवण्याऐवजी जुनी द्यावी.

वर्तमानपत्राने करवून घेतलेले काम

तयार प्रती ठेवणारा एक प्रसिद्ध प्रोग्राम आहे, त्याचे नाव ‘वार्निश’. त्याचा जन्म वर्तमानपत्राच्या गरजेतून झाला. नॉर्वेमधील ‘वेर्दन्स गांग’ हे मोठे दैनिक. त्याच्या संकेतस्थळावर वाचकांची फार गर्दी होई आणि जुना प्रोग्राम पुरा पडेना. डेन्मार्कचे पौल-हेनिंग काम्प यांनी नवा प्रोग्राम लिहिला. त्याची पहिली आवृत्ती २००६ साली निघाली. ज्या कामाला बारा यंत्रे लागत, ते तीन यंत्रांवर होऊ लागले. तो सर्वांना विनामूल्य खुला ठेवण्यात आला, म्हणून लहान स्थळांनाही त्याचा लाभ मिळतो.

हा प्रोग्राम सर्व्हरच्या पुढे, दारातच उभा राहतो. प्रत असेल तर दारातूनच देतो. एका पानासाठी शंभर जण आले तर आत एकालाच पाठवतो. आणि आतले काम होईपर्यंत, सांगितले असेल तर, जुनी प्रत देतो.

एका पानाचे तुकडे

मुखपृष्ठावरील सर्व मजकूर सारख्या वेगाने शिळा होत नाही. वर्तमानपत्राचे नाव आणि यादी महिनाभर तशीच असते. सणाच्या रजेची सूचना आठवडाभर चालते. मुख्य बातमी काही मिनिटांत बदलते, वादळाचे बुलेटीन तर कोणत्याही क्षणी. म्हणून पानाचे तुकडे करतात आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाप्रमाणे मुदत देतात. २००१ साली अशा तुकड्यांसाठी एक पद्धत जाहीर झाली. तीत दारातच तुकडे जोडून पान पुरे करतात.

एक तुकडा मात्र कधीही सामाईक चवडीत ठेवू नये, तो म्हणजे ज्याचा त्याचा खाजगी मजकूर. नाव, पत्ता, मुलाचे गुण, बँकेची शिल्लक, हे गिऱ्हाईकाच्या मिरचीसारखे आहे. ज्याचे त्यालाच द्यायचे. २५ डिसेंबर २०१५ रोजी ‘स्टीम’ या खेळ विकणाऱ्या स्थळावर गर्दी आणि हल्ला एकाच वेळी आला. घाईने बदललेल्या नियमांमुळे एका ग्राहकाच्या पानाची प्रत दुसऱ्याला दिसू लागली. सुमारे ३४,००० लोकांच्या माहितीला धोका पोहोचला, असे कंपनीनेच नंतर सांगितले. संकटाच्या घडीला नवे नियम लावू नयेत. ते आधी तपासून ठेवावेत, हा त्यातील धडा.

आपण बेटावर राहतो

आपल्यासाठी अंतराचाही प्रश्न आहे. आपला बाहेरचा इंटरनेट व्यवहार समुद्राखालच्या केबलींतून होतो. २००२ साली सुरू झालेली ‘सेफ’ केबल आफ्रिकेहून बे जाकोते येथे आपल्या किनाऱ्याला लागते आणि पुढे कोचीनमार्गे पेनांगला जाते. २००९ साली ‘लायन’ आणि २०२१ साली ‘मेटिस’ या केबली आल्या. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. युरोप आपल्यापासून जवळजवळ दहा हजार किलोमीटर. म्हणजे एक प्रश्न जाऊन उत्तर यायला किमान एक दशांश सेकंद हवा. केबल सरळ रेषेत नसते, आणि एक पान उघडायला अशा कित्येक फेऱ्या होतात. कोणी कितीही मोठा सर्व्हर घेतला तरी प्रकाशाचा वेग वाढत नाही. प्रत वाचकाजवळ आणून ठेवणे हाच उपाय. म्हणून मोठी स्थळे आपल्या प्रती जगभर वाटून ठेवतात. हे काम करणाऱ्या पहिल्या कंपन्यांपैकी ‘अकामाई’ ही १९९८ साली टॉम लेटन व डॅनिएल ल्युइन यांनी काढली. ११ सप्टेंबर २००१ रोजी ल्युइन स्वतः अपहृत विमानात होते आणि मारले गेले. त्याच दिवशी त्यांनी घडवलेली व्यवस्था बातम्यांचा भार वाहत होती.

घरच्या फोनमधील प्रत

आपल्या फोनमध्येही प्रती साठतात. दारातली प्रत स्थळाचा चालक रद्द करू शकतो. आपल्या फोनमध्ये गेलेली प्रत त्याला परत मागवता येत नाही. म्हणून शहाणा चालक दाराला एक मुदत देतो आणि फोनला दुसरी. मुखपृष्ठाबाबत फोनला सांगावे, ‘प्रत ठेव, पण दाखवण्यापूर्वी विचार.’ या आज्ञेचे नाव ‘नो-कॅश’ आहे आणि नावामुळे पुष्कळ जण फसतात. तिचा अर्थ ‘ठेवू नको’ असा नाही. मुळीच ठेवू नये, यासाठी ‘नो-स्टोअर’ ही वेगळी आज्ञा आहे. चित्रांसाठी मात्र वर्षाची मुदत द्यावी आणि चित्र बदलले की फाईलचे नाव बदलावे. नवे नाव आले की जुन्या प्रतीचा प्रश्नच मिटतो.

जीविताचा प्रश्न

३० मार्च २०१३ रोजी पोर्ट लुईसमध्ये अचानक पूर आला आणि अकरा माणसे गेली. १५ जानेवारी २०२४ रोजी ‘बेलाल’ वादळात राजधानीच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या. अशा दिवशी एका तासाने काय होईल सांगता येत नाही. बातमीच्या पानावर जुनी प्रत चालते, पण इशाऱ्याच्या पानावर ती माणसाला घराबाहेर काढू शकते. इशारा दुसऱ्या वर्गावरून तिसऱ्यावर गेला आणि फोनवर दुसराच दिसत राहिला, तर कोणी आईला आणायला निघेल, कोणी होडी सोडायला जाईल.

आपल्या हवामान खात्याच्या बुलेटीनमध्ये एक जुनी चांगली रीत आहे. बुलेटीन किती वाजता निघाले ते त्यात असते आणि पुढचे किती वाजता निघेल तेही असते. म्हणजे मुदत बुलेटीनमध्येच लिहिलेली आहे. संकेतस्थळाच्या चालकाने तीच मुदत आपल्या प्रतीला लावावी. पुढच्या बुलेटीनची वेळ टळून गेली आणि नवा मजकूर आला नाही, तर जुना गुपचूप दाखवू नये. ‘नवे बुलेटीन मिळालेले नाही, रेडिओ ऐका,’ असे ठळक लिहावे.

आणि आपण वाचकांनी काय करावे? पान उघडताच प्रथम त्यावरील वेळ पाहावी. वेळ नसेल तर त्यावर विसंबू नये. एकच बटण दहा वेळा दाबू नये. त्याने आपलेही काम होत नाही आणि इतरांचेही अडते. फोनवर आलेल्या बुलेटीनच्या चित्राबाबत तर फार जपावे. कोणी पडद्याचा फोटो काढून नातेवाइकांना धाडतो, ते पुढे धाडतात, आणि दुपारचा इशारा रात्री ‘आताचा’ म्हणून हिंडतो. ही मुदत नसलेली प्रत आहे. ती रद्द करण्याचा निरोप कोणीच पाठवू शकत नाही. फोटो धाडायचाच असेल तर त्यात बुलेटीनची वेळ दिसेल असा धाडावा; त्यापेक्षा बरे म्हणजे मूळ पानाचा पत्ता धाडावा.

शाळेचे, मंडळाचे किंवा मंदिराचे स्थळ चालवणाऱ्या आपल्या तरुणांना माझी विनंती आहे. वादळाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी एका संध्याकाळी बसा. मुखपृष्ठाचा कोणता भाग किती वेळ जुना चालेल, ते कागदावर लिहा. खाजगी मजकूर वेगळा काढा. सूचना बदलून पाहा आणि दुसऱ्या घरच्या फोनवर ती किती वेळाने दिसते, ते मोजा. प्रत्येक सूचनेवर दिनांक व वेळ घाला. या कामाला पैसा फारसा लागत नाही. आणि घरी आजोबांचा बॅटरीवरचा रेडिओ असेल, तर तोही चालू आहे ना, हे त्याच संध्याकाळी पाहून ठेवा.